तरंगत्या बर्फावरचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दगडी दिवा आहे आणि मला थंडी वाजत नाही. वाजली असती, तर हे सांगायला मी उरलो नसतो.

अनिर्निकच्या वडिलांनी मला मऊ, राखाडी दगडातून कोरलं. आकार अर्ध्या चंद्राचा, पोट उथळ, एक कड सरळ. त्या कडेवर वाळलेल्या शेवाळाची वात पसरायची आणि पोटात सील या समुद्री प्राण्याची चरबी घालायची, की ज्योतींची रांग उभी राहते. लग्न होऊन निघाली तेव्हा अनिर्निक मला पाठीवर बांधून सासरी घेऊन गेली. माझ्यावर तिने मांस शिजवलं, बर्फ वितळवून पाणी केलं, ओले बूट वाळवले. पुढे तिच्या मुलाचं, इत्तुकचं लग्न झालं आणि उलायुक सून म्हणून घरात आली.

"वात एवढी ओढू नकोस गं, घरभर धूर होतो. आईने तुला काय नुसतं हसायलाच शिकवलं का?" अनिर्निक म्हणायची.

उलायुक यावरही हसायची. तेव्हा ती फार हसायची.

आमच्याकडे, अगदी उत्तरेला, भर हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही; त्या वर्षी तो नुकताच परतला होता. दुपारी जरासा डोकावून तो लगेच बुडायचा. सील मिळावेत म्हणून आम्ही गोठलेल्या समुद्रावर बर्फाचं घर बांधून राहिलो होतो. किनाऱ्यावर पुरून ठेवलेलं मांस आणायला इत्तुक घसरगाडीला कुत्री जुंपून गेला आणि त्याच दिवशी जमिनीकडून वारा सुटला. खालून एक लांबलचक आवाज आला. उलायुक बाहेर जाऊन बघून आली.

"आई, बर्फाला भेग पडलीय. पाणी दिसतंय."

"ओलांडता येईल?"

"नाही. रुंद होत चाललीय."

अनिर्निकने हातातलं शिवण खाली ठेवलं नाही. "मग दार लाव. ऊब जातेय."

तुटलेल्या बर्फाच्या तुकड्यासकट आम्ही समुद्रात वाहत निघालो. चरबी थोडीच होती. ती खाल्ली तर मी विझणार. मी विझलो तर प्यायला पाणी नाही. अनिर्निक आपला वाटा माझ्या पोटात टाकू लागली.

"आई, तुम्ही खा ना."

"तू खा. म्हातारीला लागतं किती? आणि या दिव्याचं बरं आहे, तो तुझ्यासारखी हुज्जत घालत नाही."

एका वादळात बर्फाचा तुकडा आणखी फुटला. घराची एक बाजू पाण्यात गेली, तिच्यामागे मीही घसरलो. अनिर्निकने उघड्या हातांनी मला ओढून काढलं. तिचे हात कोपरापर्यंत भिजले. नंतर तिची बोटं गारठून मेणासारखी पांढरी आणि बधिर झाली. तरी ती बोटानेच वात सारखी करायची. एकदा ज्योत तिच्या कातडीला लागलेली मी पाहिली. तिने हात हलवला नाही.

"आई, बोट जळतंय!"

"हो का? बरं झालं सांगितलंस."

त्यानंतर ती फारसं बोलली नाही. एका सकाळी उलायुकने पाणी पुढे केलं, तर तिने ते घेतलं नाही; तिचं अंग गार पडलं होतं. उलायुकने तिला बाहेर नेलं, जमीन ज्या बाजूला असावी तिकडे तोंड करून निजवलं, वर बर्फाच्या लाद्या रचल्या. मग आत येऊन चरबीचा तुकडा कापला. अर्धा तोंडात घातला, अर्धा माझ्या पोटात. ती रडली नाही.

वारा फिरला. आमचा तुकडा करकरत किनाऱ्याच्या बर्फाला येऊन घासला. उलायुकने मला पाठीवर बांधलं आणि हलत्या तुकड्यांवरून उड्या मारत ती निघाली. इत्तुक रोज त्या कडेने शोधत फिरत होता. तो धावत आला, तिच्या मागे बघू लागला.

"आई?"

"दिवा आणलाय," उलायुक म्हणाली.

वस्तीत तिचं फार कौतुक झालं. "दगडाची आहे पोरगी!" सगळे म्हणाले. माझंही झालं. ती शिवायची, शिजवायची, विचारलं तेवढं बोलायची. काही दुखतंय असं दिसत नव्हतं, म्हणून कुणी विचारलंही नाही. इत्तुकनेही नाही. उत्तराची त्याला भीती वाटत असावी.

पुढच्या हिवाळ्यात ती माझी वात सारखी करत होती. तिची बोटं धडधाकट होती. तरी तिचा हात ज्योतीतच राहिला. इत्तुकने झडप घालून तो ओढला.

"अगं, भाजतंय!"

"भाजतंय का?"

इत्तुकने तो हात सोडला नाही. तसाच जवळ बसून तो म्हणाला, "आई कशी गेली, ते सांग मला."

ती अडखळत सांगू लागली. मध्येच थांबून आपल्या हाताकडे पाहत म्हणाली, "दुखतंय रे," आणि हुंदके देऊन रडायला लागली. चरबी संपून मी विझलो, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

नंतर रॉकेलचा स्टोव्ह आला, लाकडी घरं आली. आता मी पायरीखाली पडून असतो. माझ्यात बर्फ साचतो, कधी एखादं कुत्रं मला चाटून जातं.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात कुणी मुकाट्याने कामं उरकत असेल, "मला काही झालेलं नाही" म्हणत असेल, तर नुसतं कौतुक करून उठू नका. जवळ बसा, विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तरी बसून राहा.