पाचवा कोअर

ती कंपनीतली सर्वांत जुनी प्रोग्रॅमर. नणंदेच्या मुलाला तिथे तिनेच चिकटवलं होतं. सहा वर्षांत तो तिचा साहेब झाला. घरी मामी, ऑफिसात मॅडम. हा नियमही त्याचाच.

कंपनी वीजमीटर वाचणाऱ्यांसाठी हातात धरायची यंत्रं बनवायची. त्यांच्या प्रोसेसरला आठ कोअर, म्हणजे एकाच चिपमध्ये आठ मेंदू. काम नसलं की एकेका कोअरला झोपवून बॅटरी वाचवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम तिने लिहिला होता. यंत्र सुरू होतानाच तो आठही कोअरची तयारी करून ठेवायचा. एखाद्याची तयारी फसलीच, तर आधीची सगळी मांडामांड आवरायची आणि सिस्टीमला सरळ सांगायचं, मला जमलं नाही, माझ्याविना चालव. एवढ्यासाठी बावीस ओळी होत्या.

भाच्याने त्या काढून टाकायला सांगितल्या.

"दोन वर्षांत एकदा तरी फसलंय का, मॅडम?"

"फसलं नाही म्हणून कधी फसणारच नाही?"

"तुमचं म्हणजे ना, साखरपुड्यालाच घटस्फोटाचे कागद!"

सगळे हसले. तीही हसली. त्या हसण्याचा तिला पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला.

ओळी गेल्या. दोनेक महिन्यांनी प्रोसेसरचा नवा लॉट आला. त्यातल्या काहींत पाचव्या कोअरची तयारी फसायची, पण त्या ओळींविना ड्रायव्हर सगळं आलबेल असल्याचं सांगायचा. सिस्टीम त्या कोअरला झोपवायला गेली की यंत्र जागच्या जागी गोठायचं. मीटरवाले लोकांच्या दारात ठोकळा हातात धरून उभे. नऊशे यंत्रं परत आली.

"ही फाइल कोणाची?" बैठकीत मोठ्या साहेबांनी विचारलं.

भाच्याने समोरच्या कागदांत डोकं खुपसलं.

"माझी," ती म्हणाली. "पण त्या ओळी..."

"कारणं नकोत. नीट कधी होईल ते सांगा."

संध्याकाळी नवरा भाजी निवडत बसला होता. तिने सगळं सांगितलं.

"अगं, घरातलाच आहे तो. ताईला काय तोंड दाखवू मी?"

"आणि मी कोणाच्या घरातली?"

तो भाजी निवडत राहिला.

तिने जुन्याच ओळी शोधून पाठवल्या. भाच्याने त्या स्वतःच्या नावावर चढवल्या. यंत्रं चालू लागली, त्याला बढती मिळाली. नणंदेचा फोन आला, "माझ्या लेकाने कंपनी वाचवली म्हणे! तूही घे गं शिकून त्याच्याकडून."

मग नव्या लोकांना शिकवायला त्याने त्याच ओळींवर भाषण ठेवलं. ती मागच्या रांगेत बसली. आवरताना सर्वांत शेवटी मांडलेलं आधी काढायचं असतं. तो नेमकं उलटं सांगत होता. शेजारची नवी इंजिनिअर ते वहीत उतरवून घेत होती. मध्येच थांबून तिने हळूच विचारलं, "मॅडम, हे असंच ना?"

वीस वर्षांत तिने चुकीची एक ओळ नजरेआड केली नव्हती.

"साहेब सांगतायत ना," ती म्हणाली.

ती इंजिनिअर मान डोलावून पुन्हा लिहू लागली. त्या पोरीकडे बघवेना, म्हणून ती उठून बाहेर आली. तिला स्वतःचीच शिसारी आली होती.