लूसीनचं विद्यापीठ

लूसीनने चौथं उकडलेलं अंडं कागदी रुमालात गुंडाळलं आणि नायिरीच्या पाठपिशवीत, माहितीपत्रकांच्या खाली सरकवलं. त्यावर दोन सफरचंदं, चीजचे तुकडे, एक केक. हे सगळं ती बोलता बोलता, हातांकडे न बघता करत होती.

"इथलं जेवण देशात पहिल्या पाचांत धरतात," ती म्हणाली. "तुझ्या आईला सांग, पोरगी उपाशी मरणार नाही."

नायिरीने मान हलवली. भोजनगृहात येताना पाहुण्यांना मिळालेलं कार्ड तिने दाराला लावलं होतं. लूसीनने काहीच लावलं नव्हतं. पुढच्या मुलाशी हसून बोलत ती दार बंद व्हायच्या आत शिरली होती.

लूसीन तिची मावसबहीण, चार वर्षांनी मोठी. वेदरबी विद्यापीठात तिचं हे शेवटचं वर्ष, मेअखेरीस पदवी. कॅलिफोर्नियातल्या फाउलर गावातून इथवर पोचलेली ती पहिलीच मुलगी, त्यामुळे चर्चमध्ये, बेकरीत, बेदाण्याच्या शेडवर तिचं नाव निघालं की लोक आवाज जरा चढवून बोलत. मातीचं शास्त्र शिकायचं ठरवलेल्या नायिरीलाही आता वेदरबीचं पत्र आलं होतं आणि त्याच आठवड्यात कोर्डेरोचंही. कोर्डेरो घरापासून गाडीने तीन तास, समुद्राकाठी. नाव त्याचंही मोठं, पण वेदरबी म्हटल्यावर लोक जसे थबकून बघत तसे कोर्डेरो म्हटल्यावर बघत नसत. एक मेपर्यंत कळवायचं होतं.

वडिलांनी, हागोप तोपालियन यांनी, शेडवरून आल्यावर दोन्ही पत्रं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली होती. वेदरबीचा खर्च वर्षाला अकरा हजार डॉलरने जास्त होता. तरी त्यांचा कल तिकडेच होता, आणि त्याला कारण लूसीनच. तिला शेवटच्या वर्षी पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली होती. सप्टेंबरपासून अराक्सी मावशीकडे विद्यापीठाचं एकही बिल आलं नव्हतं. हुशार पोरांना ते पुढे माफ करतात, म्हणजे सरतेशेवटी सारखंच पडतं, असं हागोप म्हणाले होते. पैसे भरण्याआधी दोन दिवस लूसीनकडे राहून ये, डोळ्यांनी बघून ये, असंही.

आल्या आल्या नायिरी नोंदणीच्या टेबलाशी गेली होती. विद्यापीठाने तिची सोय एका अनोळखी मुलीच्या खोलीत केली होती; तिने बहिणीचं नाव सांगितलं. टेबलामागच्या बाईंनी ते टंकलं, परत एकदा टंकलं, मग मान वर न करता विचारलं, की बहीण इथेच शिकते ना. चौथ्या वर्षाला, नायिरी म्हणाली. सध्या वर्ग चालू असलेल्या विद्यार्थ्यांकडेच पाहुण्यांना ठेवता येतं, एवढंच त्या बोलल्या, आणि आवाज मुद्दाम मऊ केल्यासारखा वाटला. नायिरीला वाटलं, आडनावाच्या स्पेलिंगची गडबड असेल. ती नेहमीच व्हायची.

तरी ती लूसीनकडेच राहिली. लूसीनची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खोलीच्या दारावर मारेन नावाच्या मुलीची पाटी होती, आत पलंग एकच होता आणि खिडकीखाली एक सोफा. सोफ्यामागे लूसीनची बॅग होती, चेन लावलेली. मारेन उंच, लाजरी, अबोल. तिने नायिरीसाठी जमिनीवर गादी घातली आणि दोन वेळा काहीतरी बोलायला तोंड उघडून मिटलं.

दुसऱ्या दिवशी लूसीनने तिला सगळं दाखवलं. ग्रंथालय, प्रयोगशाळा, दगडी कमानी. कुठला प्राध्यापक चांगला शिकवतो, कुठला नुसता पुस्तकं लिहितो, हे तिला तोंडपाठ होतं. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, काय चाललंय, आणि प्रत्येक जण सांगायचा, मस्त. परीक्षा जवळ आल्या होत्या, तरी सगळे मस्त होते. नायिरीला मार्चमधली कोर्डेरोची भेट आठवली. तिथे कॅन्टीनमध्ये एक मुलगी रसायनशास्त्राचा पेपर समोर ठेवून भोकाड पसरून रडत होती आणि आजूबाजूच्या टेबलांवरचे चार जण खुर्च्या ओढून तिच्याभोवती बसले होते. एकाने तिच्या ताटातले बटाटे खायला सुरुवात केली होती आणि ती रडता रडता हसली होती. इथे दोन दिवसांत कुणी साधी जांभई दिलेली दिसली नव्हती.

ग्रंथालयाच्या दाराशीही लूसीन थांबली. बुटाची नाडी बांधायला वाकली आणि कुणीतरी येऊन दार उघडेपर्यंत बांधतच राहिली. नोंदणीच्या बाईंचा मऊ आवाज, न आलेली बिलं, पिशवीतली अंडी, सगळं नायिरीच्या डोळ्यांसमोर एका ओळीत येऊन उभं राहिलं.

तिने तळ्याकाठच्या बाकावर विचारलं.

"लूसी, तू इथे शिकतेस ना अजून?"

लूसीनने घरून आलेल्या चोरेगचा तुकडा मोडला. अराक्सी मावशीने ईस्टरचा हा गोड पाव नायिरीबरोबर दिला होता, वेणीसारखा वळलेला, दोन दिवसांत अर्ध्याहून जास्त संपलेला.

"हळू बोल," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. गेल्या वर्षी दोन विषय गेले. विद्यापीठाने सांगितलं, एक वर्ष घरी जा, मग परत अर्ज करा. घरी जायचं ठरवून ती विमानतळापर्यंत गेलीही होती. तिथे बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं, की गावात उतरल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं हे तिला सुचत नाहीये. ती बसने परत आली. आधी एका मैत्रिणीकडे राहिली, मग दुसरीकडे. मारेनला वाटतं, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे.

हे सगळं तिने हवापाणी सांगावं तसं सांगितलं. नायिरीला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"पण मेमध्ये मावशी येणार आहे. तिकिटं काढलीत तिने."

"ते मी बघते. तू इथलं नक्की कर." लूसीनने तिचा हात धरला. हात गार होता. "पहिल्या वर्षाच्या मुलींना इथे स्वतंत्र खोली मिळते. मी एका कोपऱ्यात राहीन. तुझ्याबरोबर अभ्यास करीन, परत अर्ज करीन. तू आलीस की सगळं रांगेला लागेल, नायिरी."

"आणि नाही आले तर?"

लूसीन तळ्याकडे बघत राहिली. काठाचं बर्फ वितळलं होतं, मध्ये एक करडा तुकडा उरला होता.

"मग इथे थांबायला मला कारण उरत नाही," ती म्हणाली. लगेच हसली, हातावरचे पावाचे कण झटकले. "चल, चारला भूगर्भशास्त्राचं व्याख्यान आहे. मोठ्या सभागृहात कुणी कार्ड बघत नाही."

निघताना तिने वचन घेतलं, की घरी अवाक्षर बोलायचं नाही. नायिरीने दिलं.

घरी आल्यावर तीन दिवस ती ते पाळत राहिली. वडिलांनी विचारलं, कसं वाटलं. छान, ती म्हणाली, आणि त्या शब्दाने तिची तीच दचकली. आईने, झाबेलने, विचारलं, लूसी कशी आहे. मस्त, ती म्हणाली. रात्रीच्या जेवणाला हागोपनी परत एकदा हिशोब मांडला, तीन वर्षं अकरा-अकरा हजार, शेवटचं वर्ष माफ. नायिरी ताटात बघत राहिली. त्या आकड्यांत काय चुकतंय हे घरात तिला एकटीला माहीत होतं. लूसीनचे निरोप रोज येत. खोलीला सकाळचं ऊन हवं की संध्याकाळचं? पूर्वेकडची इमारत माग, तिथला पहारेकरी गप्पिष्ट आहे, दाराशी अडवत नाही. चौथ्या दिवशीच्या निरोपात फक्त एवढंच होतं: ठरलं का?

त्या रविवारी चर्चमधून परतताना अराक्सी मावशीने तिला आपल्या घरी नेलं. मावशी एकटी राहायची. नवरा गेल्यापासून तिने बेकरी सांभाळली होती आणि दर पहाटे तीनला उठून लूसीनला शिकवलं होतं. तिने कॉफीचं भांडं गॅसवर ठेवलं आणि पाठमोरी उभी राहून सांगितलं, की काल लूसीचा फोन आला होता. तिला तिथेच पुढचा अभ्यासक्रम मिळालाय, म्हणजे पदवीचा समारंभ आत्ता नाही, दोन्ही एकदम पुढच्या वर्षी. तिकिटं रद्द कर म्हणाली.

"तू पण जाणारेस तिथे, म्हणाली. दोघी एकत्र राहणार." मावशीने कॉफी ढवळली. "मी अजून रद्द नाही केली. का कोण जाणे."

नायिरीने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"मावशी, नको रद्द करूस. पण मेपर्यंत थांबू पण नकोस. आजच जा."

कॉफी वर आली आणि उतू गेली. मावशीने गॅस बंद केला, पण मागे वळली नाही. नायिरीने त्या पाठीला सगळं सांगितलं. नोंदणीचं टेबल, सोफा, दोन विषय, विमानतळ. तळ्याकाठचं वाक्य तिने जसं ऐकलं तसंच सांगितलं, एकही शब्द न बदलता, कारण त्यातल्या 'इथे'चा अर्थ नुसतं विद्यापीठ नसावा अशी तिला भीती होती.

बराच वेळ मावशी ओट्यावर सांडलेली कॉफी पुसत राहिली.

"जेवत होती का?" तिने विचारलं.

"दुसऱ्यांच्या मागून आत शिरून," नायिरी म्हणाली. "उरलेलं पिशवीत भरून घेत होती."

मावशीने फडकं पिळलं, वाळत घातलं आणि फोन उचलला. तिसऱ्या घंटीला लूसीनचा आवाज स्वयंपाकघरात आला, हसरा, धाप लागल्यासारखा.

"आई, आत्ता नको गं, वर्गात शिरतेय. उशीर झालाय मला."

मावशीने भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरकडे पाहिलं. रविवारचा आकडा लाल होता. तिचे ओठ हलले, पण आवाज आला तेव्हा तो रोजचाच होता.

"जा बाळा, जा. उशीर नको करूस. संध्याकाळी बोलू."

फोन ठेवल्यावर ती खुर्चीत बसली नाही. फ्रेस्नोहून अडीचचं विमान होतं, डेन्व्हरला बदलून पहाटे पोचणारं. ते तिला तोंडपाठ होतं. चार वर्षांत एकदाही त्याने गेली नव्हती, भाडं वाचवून मुलीला पाठवत आली होती. तिने पर्स घेतली, चर्चचेच बूट पायात ठेवले. बोलली ती तुटक, कामगारांना सूचना द्याव्यात तशी. झाबेलला सांग, विद्यापीठात जो कोणी मुलांकडे बघतो त्याला फोन लाव म्हणावं, गाजावाजा न करता. त्या मारेनला कळव, लूसीला एकटं सोडू नको म्हणावं.

"आणि तू तिच्याशी बोलत राहा. मी निघालेय हे कळू देऊ नको. कळलं तर ती निघून जाईल तिथून, कुठे ते मला माहीत नाही."

"काय बोलू?"

"काहीही. फोन ठेवू देऊ नको."

नायिरीने आधी आईला सांगितलं. मग मारेनने निघताना दिलेल्या नंबरवर तिला लिहिलं. उत्तर एका मिनिटात आलं: मी येते तिच्याकडे. मीच तुला विचारणार होते. त्यानंतर तिने लूसीनचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. ती तुटायच्या बेतात असताना फोन उचलला गेला. पलीकडे वारा होता, मोकळ्या जागेतला.

"ठरलं?" लूसीनने विचारलं. आवाजात आता हसू नव्हतं.

"नाही गं. डोकं भंजाळलंय नुसतं," नायिरी म्हणाली. "तू मला पहिल्यापासून समजावून सांग. दोन्हीकडचं. खर्च, शिकवणारे, मुलं कशी आहेत, सगळं. वेळ आहे ना तुला?"

वारा वाहत राहिला. नायिरी मोजत होती, सातपर्यंत पोचली.

"आहे की," लूसीन म्हणाली. "वेळच वेळ आहे."

अंगणात मावशीची गाडी सुरू झाली. नायिरीने फोनवर तळहात धरला आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत तसाच धरून ठेवला. मग तिने टेबलावरचा बेकरीचा कागद ओढला, मध्ये उभी रेघ मारली आणि दोन्ही बाजूंना एकेक नाव लिहिलं.

"हं," ती म्हणाली. "आधी मातीचं सांग. वेदरबीला मातीचं कोण शिकवतं?"