पत्ता हरवलेली डिस्क

मी डिस्क बोलतेय. दिसायला तळहाताएवढी, पण पोटात चाळीस वर्षांचं यक्षगान, म्हणजे कर्नाटकातलं नाच-गाण्याचं लोकनाट्य! उडुपीच्या एका संग्रहालयात, कपाटाएवढ्या यंत्रात आम्ही बारा जणी ओळीनं बसायचो.

नवी होते तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! अखंड गरगर फिरायचे आणि वर चक्कर येत नाही म्हणून मिरवायचे. जोडीला एक जुळी दिली होती. जे माझ्यात, तेच तिच्यात. यक्षगानातल्या मुख्य गायकाला भागवत म्हणतात; आमच्या सुब्राय भागवतांचं सगळं गाणं आम्हा दोघींपाशीच होतं. दुखण्यात त्यांचा गळा कायमचा गेला, तेव्हापासून ते खुणांनीच बोलत. आणखी एक प्रत काढू या, असं कुणी म्हटलं की कारभारी गणपय्या म्हणायचा, "काढू की! गाणं काय पळून चाललंय?"

वय झालं तशी मी अडखळू लागले. ऐन आयुधपूजेच्या दिवशी, खंडेनवमीला, पडद्यावर माझं नाव लाल झालं. यंत्रं सांभाळणारी वारिजा धावत आली. नावापुढे खण क्रमांक असायचा, तिथे आता 'जागा : माहीत नाही'!

त्याचं असं झालं, की आमच्या यंत्राच्या पोटात चार भासमान यंत्रं, म्हणजे नुसत्या प्रोग्रामनं उभी केलेली, नांदत होती. आम्हाला सांभाळणारं त्यातलंच एक. कोण कुठल्या खणात बसलंय, हे त्याला खऱ्या यंत्राला विचारावं लागे. नवी सुधारणा घातल्यापासून दोघांचं बोलणंच बंद. एका घरात राहून अबोला! ही कला त्यांना माणसांनीच शिकवली असणार.

वारिजानं भासमान यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. निरोप पोचवणारा प्रोग्राम नव्यानं घातला. अबोला काही सुटेना.

"तिसरी असणार," गणपय्या म्हणाला. "सकाळी पूजेला हात लावला तेव्हा गरम लागली."

तिसरी माझी जुळी होती, मी पाचवी! तिला बाहेर ओढलं आणि नेमकं तेव्हाच मी राम म्हटलं, तर भागवतांचा आवाज जगातूनच जाणार. पूजेच्या प्रसादाला आलेले भागवत दारातच उभे होते. त्यांचा चेहरा बघवेना.

"थांबा, दिवा लावते," वारिजा म्हणाली. तिनं थेट माझ्या नावानं हुकूम सोडला. माझ्या तोंडावरचा दिवा मी जीव खाऊन मिचकावला. कुणाचं लक्षच नाही!

"पडदा म्हणतो दिवा लागलाय. मग दिसत का नाही?"

"थापा मारतोय तो पडदा," म्हणत गणपय्यानं तिसरीची मूठ धरली.

वारिजानं त्याचा हात पकडला. "गणपय्या, सकाळी यांना गंध कुठं लावलंत?"

"कुठं म्हणजे? कपाळाला."

"यांचं कपाळ कुठलं?"

"दिवा आहे तेच की!"

बारा जणी, बारा कपाळं, त्यावर चंदनाचा जाड लेप आणि वर ठसठशीत कुंकू. वारिजानं कपाळाला हात लावला, स्वतःच्या.

"पुसा ते!"

"आज? वारिजक्का, वेड लागलं का? आयुधपूजेचं गंध पुसायचं नसतं, देवी कोपेल!"

भागवत पुढे आले. उपरण्याचं टोक तीर्थात बुडवलं, देवीच्या तसबिरीला हात जोडले आणि पहिल्या डिस्कपासून स्वतः पुसत निघाले. पाचव्या खणाशी पिवळा उजेड लुकलुकला. मला इतकं लाजल्यासारखं कधीच झालं नव्हतं.

मला काढलं. माझ्या जागी नवी बसली आणि जुळीनं तिला सगळं गाणं शिकवलं. खात्री करायला वारिजानं एक पद लावलं. भागवतांचा तरुणपणीचा आवाज खोलीभर झाला. त्यांचे ओठ हलत होते, डोळे वाहत होते. गणपय्या खाली मान घालून म्हणाला, "वारिजक्का, आजच आणखी एक प्रत काढू."

जाताना भागवतांनी खुणेनं मला मागून घेतलं. आता मी त्यांच्या खिडकीत असते. रोज सकाळी ते मला मांडीवर घेतात आणि पाठीवर बोटांनी ताल धरतात. माझ्यातून काही वाजत नाही, त्यांच्या गळ्यातून काही निघत नाही. तरी आमचं पद समेवर बरोबर येतं.