मामाच्या जागेचा फोटो

पंचमी आठ दिवसांवर आली तेव्हा सांडू हातातलं काम टाकून शहरात निघाला, आणि निघाला तो भांडायलाच. एसटीत शेजारच्या माणसानं नुसतं "जरा सरका" म्हटलं, तर त्याच्यावरही यानं डोळे वटारले. सांडूचं हे असंच. राग एकाचा, आणि निघणार जो समोर येईल त्याच्यावर.

राग होता बद्रीनाथवर. बद्रीनाथ म्हणजे सांडूचा दाजी, मेलेल्या बहिणीचा नवरा. बहीण गेली तेव्हा तिची गोदा चार वर्षांची होती. दाजीनं वर्षाच्या आत दुसरी केली आणि पोर खुलताबादला मामाच्या घरी आली. सांडूला आणि सारजाबाईला स्वतःचं मूल नाही. त्यांनी गोदाला बारावीपर्यंत सांभाळलं. गोवर निघाला तेव्हा सांडू तीन रात्री तिच्या उशाशी बसून होता. लग्नात मुलीच्या मागं मामा उभा राहतो, आणि गोदाच्या मागं मी उभा राहणार, हे त्यानं पोर दुसरीत होती तेव्हापासून गावभर सांगून ठेवलं होतं.

आणि वैशाखात बापानं हर्सूलच्या लॉनवर लग्न लावून दिलं, तेव्हा मंगलाष्टकांना पोरीच्या मागं उभा कोण? काकासाहेब! बद्रीनाथच्या दुसऱ्या बायकोचा भाऊ, सिमेंटचा दुकानदार. त्यानं त्या पोरीला कधी एक चिंचेची गोळीसुद्धा घेऊन दिली नसेल.

का, तर सांडूची हकिकत अशी. "नवरदेवाच्या मामाला भरजरी फेटा बांधला, आन् मला टोपी-टॉवेल दिला! मी नुसतं इचाराया गेलो, तर दाजीनं सोताचा फेटा काढून माझ्या अंगावर फेकला, चारचौघांत. मला अडवून धरलं आन् तेवढ्यात काकाला वर उभा केला. सगळं आधीच ठरलेलं!" ही हकिकत पिठाच्या गिरणीवर झाली, कटिंगच्या दुकानात झाली, दवाखान्याच्या रांगेतसुद्धा झाली. ऐकणारे मान हलवायचे. फुकटची मान हलवायला कुणाचं काय जातं?

पण गोदानं हलवली नाही. लग्नानंतर तीन महिने तिनं मामाचा फोन उचलला नाही. लग्नानंतरची पहिली पंचमी, लेक माहेरी येते, आणि तिचं माहेर म्हणजे हेच घर. म्हणून सारजाबाईनं फोन लावला. गोदानं मामीला सरळ सांगितलं, "लग्नात शंभर जणांच्या हातात मोबाईल होते. मामाला म्हणावं, एक फोटो दाखव. तू माझ्याकडं यायला निघालायस आणि कुणीतरी तुला अडवलंय, असा एक. मग येते मी पंचमीला."

"एक काय, धा दाखवतो!" सांडू म्हणाला. बद्रीनाथच्या अल्बमात सांडूचं नखसुद्धा नव्हतं. पण तो फोटोग्राफर दाजीचा. पाहुण्यांचे मोबाईल काही दाजीचे नव्हते.

पहिली हर्सूलची दगडाबाई, बद्रीनाथची चुलती. ती ओट्यावर लसूण सोलत बसली होती. सांडूला बघून तिनं हात थांबवले नाहीत.

"पानी पेतोस का?"

"पानी नको. लग्नाचे फोटू पायजेत. तुमी मोबाईल घेऊन लई फिरत व्हता मांडवात."

"तीन म्हैन्यांत पोरीच्या सासरी पाऊल टाकलं नाय, आन् आलास ते फोटू मागाया."

"मी सख्खा मामा हाय तिचा."

"सख्खा हायेस म्हनून तर लाज वाटती."

पण म्हातारीनं मोबाईल पुढं केला. सांडूनं एकेक फोटो स्वतःच्या मोबाईलवर पाठवून घेतला. एका फोटोपाशी त्याचा अंगठा थांबला. अंतरपाट धरलेला, गोदा हार घेऊन उभी, भटजी घड्याळ बघतायत, आणि गोदाच्या मागं कुणीच नाही.

"हे बघा! माझी जागा रिकामी! मला जाऊच दिलं नाय!"

"रिकामी का व्हती ते तुझं तू इचार. आन् वरडू नको, शेजारीपाजारी ऐकत्यात. निघ." दगडाबाईनं सालपटं झटकली ती थेट त्याच्या चपलांवर.

सांडूला त्याचं काही वाटलं नाही. पुरावा हाताला लागला होता. तिथून तो तडक काकासाहेबाच्या दुकानात गेला आणि गिऱ्हाईक उभं असतानाच बोलला, "काय काका, दुसऱ्याची जागा बळकावून झोप लागती का?"

काकासाहेबानं गिऱ्हाईकाला बाहेर बसवलं आणि दार लोटलं. "सांडूभाऊ, तीन महिने तुमी गावभर माझी बदनामी करताय. मी पोरीच्या लग्नात घाण नको म्हणून गप्प बसलो. आता ऐका. मी मागं आचाऱ्यापाशी होतो. पुऱ्या कमी पडत होत्या. आमच्या ताईनं मला हाताला धरून ओढत स्टेजवर नेलं, मुहूर्त टळत होता म्हणून. मला काय हौस आली होती?"

"फोटो दाखवा."

"दाखवतो ना. डोळे उघडून बघा." त्यानं मोबाईल सांडूच्या नाकासमोर धरला. गोदाच्या मागं काकासाहेब उभा होता खरा. बाह्या वर केलेल्या, खांद्यावर वाढप्याचा पंचा, सदऱ्यावर वरणाचा डाग. डोकं बोडकं.

सांडूनं मोबाईल हातानं दूर सारला. मग म्हणाला, "फेटा गर्दीत पडला आसंल."

"माझ्या डोक्याला फेटा बांधलाच नव्हता कुणी!" काकासाहेब ओरडला. "मी मागितला का? पोरगी वर एकटी उभी होती, हो! घ्या हा फोटो, आणि परत या दुकानाची पायरी चढू नका."

येताना एसटीत सांडू तो फोटो दहादा बघून आला. दर वेळी तो मनाशी म्हणाला, नाटक आहे सगळं. खुलताबादला उतरून तो घरी न जाता रहीमच्या स्टुडिओत शिरला. रहीम त्याच्या वर्गातला. लग्नात तो कामाला नव्हता, जेवायला आला होता. पण फोटोवाल्याचा हात कुठं गप्प बसतो? त्यानंही मोबाईलवर पुष्कळ काढले होते.

"तुझे, दगडाबाईचे, काकाचे, सगळे एका जागी लाव," सांडू म्हणाला. "ज्या टायमाला निघाले, त्या टायमाप्रमाणं. मला गोदाला दाखवायचंय कोण खोटं बोलतंय ते."

रहीमनं त्याच्याकडं एकदा बघितलं. "सोच ले," एवढंच म्हणाला आणि फोटो कॉम्प्युटरवर चढवले.

मोठ्या पडद्यावर रहीमचा पहिला फोटो आला. वर स्टेजवर गोदा आणि भटजी. डाव्या कोपऱ्यात, स्टेजच्या पायऱ्यांपाशी, कुणीतरी पाठमोरं. रहीमनं कोपरा मोठा केला. सांडू होता. एका हातात टोपी-टॉवेल, दुसऱ्या हाताचं बोट बद्रीनाथच्या छातीवर. पायऱ्या त्याच्या उजव्या हाताला होत्या. तीनच पायऱ्या, आणि त्यांवर चिटपाखरू नव्हतं.

पुढचा फोटो. बद्रीनाथनं स्वतःचा फेटा उतरवला होता आणि दोन्ही हातांवर धरून सांडूपुढं केला होता. मान खाली घातलेली. देवापुढं ताट धरावं तसा धरला होता त्यानं तो फेटा.

"फेकला म्हणतोस ना?" रहीम म्हणाला.

त्याच्या पुढचा फोटो. फेटा मातीत. सांडूचा हात हवेत, झटकलेला. बद्रीनाथचे हात जोडलेले.

रहीमनं मग कोपरा सोडला आणि तेच फोटो एकामागून एक पुन्हा दाखवले, फक्त गोदाचे. पहिल्यात तिची मान डावीकडं वळलेली. दुसऱ्यात डावीकडं. तिसऱ्यात ती इतकी वळून बघत होती की मुंडावळ्या गालावरून एका बाजूला लोंबत होत्या, आणि शेजारची बाई तिला सरळ उभी राहा म्हणून दंडाला धरत होती. तिच्या नजरेच्या दुसऱ्या टोकाला पायऱ्या होत्या. चौथा काकासाहेबानं दिलेला. त्यात मागं तो उभा होता, आणि गोदा खाली बघत होती.

सांडू खालच्या आवाजात म्हणाला, "रहीम, मला तिच्या मागं उभा कर. येतं की तुला कॉम्प्युटरवर."

"येतं. दहा मिनिटांचं काम आहे. फेटापण बांधतो, म्हणशील त्या रंगाचा." रहीमनं पडद्यावर गोदाच्या चेहऱ्यापाशी बोट ठेवलं. "पण हिचं काय करू? तू मागं उभा असलास, तर ही पायऱ्यांकडं कुणाला शोधतेय?"

"तूबी त्यांचाच!" सांडू ताडकन उठला. खुर्ची मागं पडली. "येवढं दिसत व्हतं तर तवा का नाय बोललास?"

"बोललो. फोटो थांबवून आलो, हात धरला तुझा. तू काय म्हणालास आठवतंय? 'तू मधी पडू नको, तुमच्यात मामाला कुठं मान आसतो.' चार माणसांत म्हणालास." रहीमचा आवाज चढला नाही. "तीस वर्षांची दोस्ती आहे म्हणून आज तुला खुर्ची दिली. विसरलो नाही मी ते."

सांडू दारापर्यंत गेला. तिथंच उभा राहिला. मग परत आला, पडलेली खुर्ची उचलून जागेवर ठेवली आणि म्हणाला, "त्यो फेटा पुढं केलेला फोटू माझ्या मोबाईलवर टाक. आख्खा. माझं तोंड कापू नको."

घरी सारजाबाई वाटच बघत होती. तिनं काही विचारायच्या आत सांडूनं तो फोटो गोदाला पाठवला आणि पाठोपाठ फोन लावला. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिकडून फोन उचलला गेला.

"सापडला फोटो?" गोदानं विचारलं. ना नमस्कार, ना कसा आहेस.

"सापडला. धाडलाय तुला."

"कुणी अडवलंय त्यात तुला?"

"कुनी नाय. पायऱ्या मोकळ्याच व्हत्या गोदा. मीच चढलो नाय."

सांडूनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"मला माहिती आहे," गोदा म्हणाली. "मी बघत होते वरून. हाक मारायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाली नवरीनं ओरडू नये." मग म्हणाली, "मामीला दे."

सारजाबाई फोन घेऊन आत गेली. सांडू बाहेर उभा. आतून नुसतं "व्हय बाई", "व्हय गं माझे" ऐकू येत होतं. एकदा तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली आणि पदरानं फोन पुसत राहिली.

"काय म्हनली?"

"पंचमीला येते म्हनली."

"मग रडती कशाला?"

सारजाबाईनं नवऱ्याकडं बघायचं टाळलं. "पन तुमी घरात नसाया पायजे म्हनली. मामा आसंल तर पायरी चढनार नाय म्हनली."

हाच सांडू असता वैशाखातला, तर अख्खी आळी गोळा केली असती त्यानं. माझ्याच घरातून मला बाहेर? मी वाढवलेली पोर मला सांगणार? सारजाबाईही तेच ऐकायच्या तयारीनं अंग चोरून उभी होती.

सांडू म्हणाला, "जातो. पंचमीच्या आदल्या दिवशीच जातो कुठंबी." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "दोन दिवस ऱ्हाती का? तिला म्हनावं, आठ दिवस ऱ्हा. मी आठ दिवस येत नाय."