तेल लावायला आणलेल्या बंदुका

मी ओक लाकडाचे एक जुने कपाट आहे, आणि मित्रांनो, आज माझ्या पोटात काहीही नाही. उंची साडेसहा फूट, दारे दोन, आत बारा पितळी खुंट्या. डावे दार उघडताना कुरकुरते. ते पहिल्या दिवसापासूनच कुरकुरते, त्यात वयाचा दोष नाही.

योस्ट नावाच्या सुताराने मला नदीकाठच्या चर्चसाठी बनवले. तिथे गाणाऱ्यांचे पांढरे झगे माझ्यात टांगत. मग मोठा पूर आला. चर्च बुडाले आणि मी वाहत जाऊन गाळात रुतले. मला कुणी शोधायला आले नाही. एमिल रेडेकर नावाच्या माणसाला मी सापडले. त्याने मला खेचराच्या गाडीवर घातले, धुतले, उन्हात वाळवले आणि आपल्या बंदुकांच्या दुकानामागच्या बिनदाराच्या खोलीत भिंतीला उभे केले. "झगे टांगलेस, आता बंदुका टांग," तो म्हणाला. मला वाईट वाटले होते, खोटे कशाला सांगू?

पहिली काही वर्षे मी इतर कपाटांसारखेच होते. मग एका शरद ऋतूत बदकांच्या शिकारीचा हंगाम अगदी तोंडावर आला असताना श्रीमती फ्रांट्झ आपल्या नवऱ्याची बंदूक घेऊन आल्या.

"एमिल, ही तेल लावायला आणलीय. घाई नाही. झाडांना फुलं येईपर्यंत राहू दे."

हंगाम सुरू होताना कोणी बंदूक दुकानात ठेवतो का? एमिलने नळीवरून बोट फिरवले. बोट तेलाने चमकले. त्याने त्या बाईंकडे पाहिले आणि बोट हळूच पँटला पुसले.

"बरं," तो म्हणाला. "माझ्याकडे तेल लावायला वेळच लागतो."

त्या दिवसापासून आमच्या गावात त्या शब्दांना दुसरा अर्थ आला. ज्याच्या घरी कुणाचे मन बुडू लागले असेल, किंवा बंदूक घरात असताना ज्याला स्वतःचीच भीती वाटू लागली असेल, तो दुकानात येऊन म्हणे, "तेल लावायला आणली." कुणी पुढे विचारत नसे. देशाच्या कायद्याप्रमाणे वहीत नाव लिहावे लागे. ती वही कुलपात राही आणि नावापुढे 'दुरुस्ती' एवढेच असे. माझ्यातल्या बंदुकीला मात्र नावाची चिठ्ठी नसे. एमिल चिठ्ठीवर एखादा पक्षी काढी, म्हणजे मागच्या खोलीत कुणी डोकावले तरी त्याला काही कळू नये. बंदूक परत न्यायला आलेल्याला तो एकच प्रश्न विचारी, "झोप कशी आहे?" उत्तर मनाजोगे नसले तर म्हणे, "अजून तेल मुरलं नाही रे."

एमिलनंतर त्याची मुलगी नेल्डा दुकान पाहू लागली. तिनेही सारे तसेच चालवले, फक्त तिला चित्रकला येत नव्हती. फेरीबोटीवरून निवृत्त झालेला रॉस्को रोज स्टुलावर बसून कॉफी पीत असे. तो चिठ्ठी पाहून म्हणे, "नेल्डा, हे बदक आहे की बूट?"

"तू कॉफी पी. ती ओळखता येते ना?"

"नाही. म्हणून तर रोज येतो."

मित्रांनो, त्या दिवसांत मी खरोखर सुखी होते. चर्चमध्ये असताना माझी जितकी स्तुती झाली नाही, तितकी त्या मागच्या खोलीत न बोलता झाली. बंदूक परत नेताना बरेच जण माझ्या दारावर हलकेच थाप मारून जात.

मग आमच्यापासून चाळीस मैलांवरच्या एका गावात चोरांनी बंदुकांच्या दुकानाची काच फोडली आणि एकोणीस पिस्तुले नेली. त्यांतल्या एका पिस्तुलाने शाळेत जाणाऱ्या एका मुलीचा जीव गेला. वर्तमानपत्रातला तिचा फोटो पाहून नेल्डाने त्याच आठवड्यात खिडक्यांना गज आणि दाराला भोंगा बसवून घेतला. राज्याने नवा कायदा केला. बंदुकांच्या प्रत्येक दुकानाने देशाच्या परवान्याशिवाय राज्याचाही परवाना वर्ष संपायच्या आत घ्यायचा. खिडक्यांना गज हवेत, चोर शिरताच वाजणारा भोंगा हवा. त्यावर नेल्डाची तक्रार नव्हती. ते तिने आधीच बसवले होते. पण पुढे लिहिले होते की बंदूक जिथे ठेवाल तिथे कॅमेरा हवा, आणणाऱ्याचा चेहरा दिसायला हवा, ठेवलेल्या प्रत्येक बंदुकीचे नाव आणि कारण राजधानीला कळवायला हवे, आणि कपाट लोखंडाचेच हवे. लाकडाचे चालणार नाही.

नेल्डाने खिडकीत पाटी लावली: 'देशाचा परवाना भिंतीवर आहे. दुसरा घेणार नाही.'

"पाटी इतकी तिरकी लावलीस," रॉस्को म्हणाला, "की सरकारला मान मोडून वाचावी लागेल."

"मोडू दे."

आजूबाजूच्या दुकानदारांनीही पाट्या लावल्या. कुणाला खर्च परवडत नव्हता, कुणाला सरकारचाच राग होता. नेल्डाच्या पाटीमागे मी होते. पण हे ती कुणाला सांगू शकत नव्हती, कारण सांगितले असते तर गाव उद्यापासून मागच्या खोलीकडे बोट दाखवू लागले असते.

ऑक्टोबरात राज्याची एक अधिकारी आली. केंड्रा होल्ट तिचे नाव. तरुण होती, नीट बोलत होती. तिने अर्ज काउंटरवर पसरले आणि दोघींची जुंपली.

"बाई, मी चोरांच्या बाजूची नाही," नेल्डा म्हणत होती. "पण त्या मागच्या कपाटावर मी कॅमेरा लावणार नाही."

"का नाही, तेवढं सांगा. कारण लिहायला इथे जागा आहे."

"कारण लिहिता येत नाही, हेच कारण."

"असं मी साहेबांना कसं सांगू?"

"जसं मी तुम्हाला सांगतेय तसं. मोठ्यानं."

एवढ्यात दारावरची घंटा वाजली आणि वेंडेल ग्रिम्स आत आला. वेंडेल नदीवर मालाचे तराफे ढकलणाऱ्या बोटीचा तांडेल. ऑगस्टमध्ये त्याचा धाकटा भाऊ त्याच बोटीवरून पाण्यात पडला आणि हाती लागला नाही. सुकाणूवर तेव्हा वेंडेल होता. तो टोपी काढून उभा राहिला. हातातली लांब पिशवी त्याने काउंटरवर ठेवली आणि तिची चेन अर्धी उघडली.

"नेल्डा," तो म्हणाला, "तेल लावायला आणली."

नेल्डाची त्याच्याकडे पाठ होती. ती भिंतीवरच्या परवान्याकडे बोट दाखवून बोलत होती. रॉस्को मागे नळाखाली कॉफीचे भांडे घासत होता.

"तेलाची बाटली खिडकीजवळच्या फळीवर आहे, वेंडेल," ती वळून न पाहता म्हणाली. "घेऊन जा. आपण नंतर बोलू."

वेंडेल टोपी डोक्यावर घालून पिशवीकडे वळला. मग "बरं," म्हणाला. त्याने चेन लावली, फळीवरून बाटली घेतली आणि तो गेला.

मित्रांनो, माझ्या आत तेव्हा आठ खुंट्या मोकळ्या होत्या. मी किती तडफडले, हे लाकडाला सांगता येत नाही.

नेल्डा पुढे बोलतच होती. होल्टबाईने मध्येच तिला थांबवले. "एक विचारू? त्या गृहस्थांची बंदूक आधीच तेलाने चमकत होती. मग आणखी तेल कशाला?"

नेल्डाचे बोट हवेतच राहिले.

"काय म्हणाला तो? नेमकं सांगा."

"तेल लावायला आणली, असं म्हणाले."

नेल्डा कोट न घालता धावली. तिची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला. रॉस्को ओल्या हातांनी बाहेर आला. रिकामी फळी, उघडे दार आणि त्या बाईचा चेहरा पाहून त्याला सारे समजले.

"मी पोलिसांना फोन करते," होल्टबाई म्हणाली.

"करा. पण भोंगा वाजवत येऊ नका म्हणावं. वेंडेल नदीच्या धक्क्याकडे गेला असेल." मग तो स्टुलावर बसला. "बाई, आमच्यात तेल लावायचं म्हणजे तेल नसतं," तो म्हणाला, आणि त्याने तिला माझ्याविषयी सांगितले. इतक्या वर्षांत परक्या माणसाला हे सांगितले गेले, ते पहिल्यांदा.

चाळीस मिनिटांनी नेल्डा परत आली. मागून वेंडेल होता. त्याचे बूट चिखलाने भरलेले होते. बंदूक नेल्डाच्या हातात होती. पोलीस गाडी दूर रस्त्यावरच थांबली होती. नेल्डाने माझे दार उघडले आणि बंदूक खुंटीवर टांगली. चिठ्ठीवर पक्षी काढायला घेतला, पण तिने नुसतीच एक रेघ ओढली. होल्टबाईने पेनाला टोपण लावले आणि ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

"मी याच्यासाठीच भांडत होते," नेल्डा कुणाकडेही न पाहता म्हणाली. "आणि हाच आला, तर मला माझाच आवाज ऐकू येत होता."

वेंडेल त्यानंतर रोज येऊ लागला. रॉस्कोशेजारी बसे, दवाखान्याच्या वाराला नेल्डाच्या गाडीतून दवाखान्यात जाई. हळूहळू तो रॉस्कोला उलट उत्तरेही देऊ लागला.

डिसेंबरात होल्टबाई पुन्हा आली. या वेळी ती उभीच राहिली.

"मी नाव न घेता सगळं वर लिहून पाठवलं होतं. सवलत मिळणार नाही म्हणतात. नाव आणि कारण कळवलं, कॅमेरा लावला, तर ठेवायला हरकत नाही."

नेल्डा काही बोलायच्या आधी वेंडेल उठला.

"माझं नाव लिहा. वेंडेल ग्रिम्स. कारणही सांगतो, सगळं लिहा. आज मला ते सांगता येतंय. त्या दिवशी मला तीनच शब्द येत होते बाई, आणि तेही महिनाभर पाठ केले होते. कॅमेरा असता तर मी ते बोललोच नसतो. माझ्यामागून जो येईल, त्यालाही तीनच येत असतील. त्यानं तुमचा हा कागद कसा भरायचा?"

होल्टबाईने शब्द न् शब्द लिहून घेतला. कायदा बदलला नाही.

"अर्जावर सही करून टाक," रॉस्को म्हणाला. "दुकान तरी राहील."

"दुकान राहील रे. पण लोक कॅमेऱ्याखालून मागच्या खोलीत येतील का?"

रॉस्कोने कॉफी ढवळली. नेल्डाने सही केली नाही. ती बरोबर वागली की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या गेलेल्या मुलीच्या आईला विचाराल तर ती वेगळे सांगेल, आणि तिचेही खोटे नसेल. पण ज्यांनी कायदा लिहिला, त्यांनी दुकानात येणारा चोर पाहिला. टोपी हातात घेऊन उभा राहिलेला माणूस त्यांना दिसला नाही, एवढे मला नक्की ठाऊक आहे.

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात नेल्डाने एकेकाला बोलावून बंदुका परत केल्या. प्रत्येकाला झोपेविषयी विचारले. दोघांच्या उत्तरांनी तिचे समाधान झाले नाही, तेव्हा तिने त्यांच्या नातेवाइकांना बोलावून घेतले. वेंडेलची बंदूक त्याच्या बहिणीने नदीपलीकडे आपल्या घरी नेली. मग दुकानाला कुलूप लागले. परवाना असलेले सर्वांत जवळचे दुकान आता पन्नास मैलांवर आहे. तिथे खूप उजेड असतो म्हणतात.

गेल्या मंगळवारी दुपारी एक माणूस आला. काखेत लांब पिशवी होती. त्याने दार ढकलले, मग 'बंद' ही पाटी वाचली. काचेला कपाळ लावून त्याने मागच्या भिंतीकडे, माझ्याकडे, बराच वेळ पाहिले. मग तो पायऱ्या उतरला. कुठल्या बाजूला वळला ते मला दिसले नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला विनवणी करते. कुणी एखादे साधेच काम सांगत तुमच्या दारात रेंगाळला, तर हातातले भांडण खाली ठेवा. तुमची बाजू खरी असली तरी ठेवा. वळून त्याच्या तोंडाकडे पाहा. मंगळवारी आलेला तो माणूस कोण होता, हे मला माहीत नाही. तो तुमच्याकडे आला, तर त्याला आत घ्या.