बाबांच्या टेबलाचा मूळ क्रम

मी अभिलेखशास्त्रात एम.ए. करते आहे, म्हणजे नक्की काय करते आहे, हे आमच्या घरात कुणालाही धड सांगता येत नाही. दादा चारचौघांत माझी ओळख करून देताना "रद्दीत एम.ए. करतेय" असं सांगतो आणि स्वतःच हसतो. आई तेवढेही कष्ट घेत नाही. "काहीतरी शिकतेय," म्हणते, आणि त्या 'काहीतरी'वर असा जोर देते की समोरचा माणूस पुढे विचारतच नाही.

जोर द्यायला कारण आहे. होमिओपॅथी मी दुसऱ्या वर्षाला सोडली. जर्मन सोडली तेव्हा मला त्या भाषेत फक्त अंडी विकत मागता येत होती. नोकरी कंटाळून सोडली. लग्न मी सोडलं की त्यानं, यावर दोन्ही घरांत अजून एकमत झालेलं नाही. तेव्हापासून मी आईकडे राहते आणि घरात माझं नाव 'अर्धवट' आहे. दादानं ठेवलं, तेही लाडानं, असं दादाचं म्हणणं. म्हणून ही पदवी मला पूर्ण करायची होती. ज्ञानाची ओढ वगैरे नंतर. आधी दादाचं तोंड बंद करायचं होतं.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. एका माणसाचा संग्रह निवडायचा, त्यातल्या वस्तू न् वस्तूची नोंद करायची आणि तो विद्यापीठाच्या अभिलेखागारात जमा करायचा. जमा झाला की पदवी. माझ्या मार्गदर्शक मॅडम वर्गातही पांढरे हातमोजे घालून बसतात, म्हणून सगळे त्यांना 'हातमोजे' म्हणतात. त्यांनी विचारलं, "संग्रह कुणाचा?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांचा."

बाबा पाणीपुरवठा खात्यात आरेखक होते. शहराच्या पोटातून जाणारा प्रत्येक पाइप त्यांनी कधी ना कधी कागदावर काढला होता. निवृत्तीनंतरही ते मागच्या खोलीतल्या मोठ्या टेबलाशी बसून ट्रेसिंग पेपरवर पाइप काढत राहिले, कारण खात्याचे नकाशे चुकीचे आहेत अशी त्यांची खात्री होती. खात्यानं त्यांना असं काही विचारलं नव्हतं. गेल्या वर्षी ते गेले, आणि टेबल तसंच राहिलं.

त्या टेबलावरून आईबाबांचं आयुष्यभर वाजलं. बाबांचा पसारा आणि आईचं आवरणं. खणात काही ठेवलं तर खण बोटभर उघडाच राहणार. चष्मा कुठंतरी कागदांत पालथा. रेघ चुकली की बाबा कागदाचा गोळा करून टेबलाशेजारच्या टोपलीकडे फेकायचे, आणि तो हमखास टोपलीच्या बाहेर पडायचा. "एक दिवस तरी नेम लागू दे या माणसाचा!" हे वाक्य ऐकत आम्ही भावंडं मोठी झालो. शाळेची घंटा आम्हाला त्यामानानं कमी ओळखीची होती.

आमच्या शास्त्रात एक नियम सगळ्यांच्या वरचा आहे: मूळ क्रम. ज्याच्या वस्तू आहेत त्यानं त्या जशा ठेवल्या तशाच राहू द्यायच्या. आपल्याला तो पसारा दिसत असेल, पण त्या पसाऱ्यात त्या माणसाचं डोकं असतं. आवरलंत की ते गेलं. हे मी आईला समजावून सांगितलं. ती पोळपाट पुसत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे चाळीस वर्षं मी यांचं डोकं आवरत होते?"

"तसंच काही नाही," मी म्हटलं.

"तसंच आहे," आई म्हणाली. "आणि आता तू ते गाडीत घालून नेणार."

"विद्यापीठात नेणार, आई. तिथं नीट राहील."

"ने बाई. एकदाची खोली मोकळी होईल." एवढं बोलून तिनं तोच पोळपाट पुन्हा पुसला.

मी तिला बजावलं की फक्त जमीन झाडायची, टेबलाला हात लावायचा नाही. "मी कशाला लावतेय हात?" ती म्हणाली, आणि मी विश्वास ठेवला. सुटीच्या दिवशी मी मागच्या खोलीत बसे. फोटो काढी, क्रमांक टाकी. टोपलीबाहेर पडलेला ट्रेसिंग पेपरचा एक गोळा सापडला तेव्हा मला भरून आलं. बाबांचा शेवटचा चुकलेला नेम. मी तो चिमट्यानं उचलून पाकिटात घातला आणि वर लिहिलं: 'चुरगळलेला कागद, टोपलीबाहेर, मूळ जागी.'

पुढच्या खेपेला टोपलीबाहेर आणखी एक गोळा होता. टेबलाखाली राहून गेला असेल असं समजून त्यालाही पाकीट दिलं. नंतर आणखी एक. या काळात रोज सकाळी दात घासताना मला मागच्या खोलीतून आईचा आवाज ऐकू यायचा: "किती पसारा करायचा माणसानं! एक दिवस तरी नेम लागू दे!" मला वाटायचं, सवय आहे, हळूहळू जाईल. दुःखाबद्दल आम्हाला एक व्याख्यान झालं होतं, त्यात असंच काहीतरी होतं.

प्रकल्पाच्या प्रबंधासाठी जुने-नवे फोटो शेजारी शेजारी लावले तेव्हा मात्र माझ्या पायाखालची जमीन सरकली. चष्मा एका फोटोत डावीकडे, दुसऱ्यात पट्टीखाली. खण कधी हा उघडा, कधी तो. वरचा नकाशा प्रत्येक वेळी वेगळा. मूळ क्रम म्हणून मी जे जपत होते ते दर आठवड्याला बदलत होतं. मी सरळ दादाला फोन केला.

"तू बाबांच्या टेबलाला हात लावलास?"

"मला वेड लागलंय का? तिकडे आलो की तू माझ्यावरच क्रमांक टाकशील."

हातमोजे संग्रह पाहायला येणार त्याच्या आदल्या दिवशी वर्ग रद्द झाला आणि मी दुपारीच माझ्या किल्लीनं दार उघडून घरात आले. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फटीतून दिसलं, आई बाबांच्या खुर्चीत बसली होती. तिनं बाबांचा चष्मा उचलला, जरा इकडे ठेवून पाहिला, जरा तिकडे, आणि मग कागदांत पालथा घातला. एक खण उघडला, बंद केला, पुन्हा बोटभर उघडला. मग गठ्ठ्यातून एक ट्रेसिंग काढलं. त्यावर एक अर्धा पाइप होता, बाबांच्या हातचा, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याची दुसरी प्रत जगात कुठंही नव्हती. आईनं त्याचा घट्ट गोळा केला, टोपलीकडे पाहिलं, आणि नेम धरून टोपलीच्या शेजारी टाकला.

माझ्या तोंडाशी "आई, तो मूळ कागद आहे!" हे वाक्य आलं होतं. शास्त्रानं मला तेवढं शिकवलं होतं. पण ती खुर्चीतून उठली, दोन पावलं मागे सरली आणि आपण केलेला पसारा पाहत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर उद्या सकाळची सोय झाल्याचं समाधान होतं. मी चपला हातात घेऊन बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. मग नाक पुसलं, बेल वाजवली आणि नेहमीच्या वेळेआधी आल्याबद्दल बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हातमोजे आल्या. त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली आणि मान डोलावली. हातमोज्यांनी मान डोलावली तर वर्गात आम्ही ती तारीख लिहून ठेवतो. "क्रम सुरेख राखला आहेस," त्या म्हणाल्या. "विशेषतः हे गोळे. विद्यार्थी असलं काही फेकून देतात. सोमवारी गाडी पाठवते."

आई चहा घेऊन आली. ट्रे टेबलावर टेकला नाही. हातातच धरून उभी राहिली. "न्या, न्या," ती म्हणाली. "खोली मोकळी होईल." आवाज अगदी सरळ होता. ट्रेमधले कप मात्र वाजत होते.

हातमोज्यांनी एक कागद माझ्यापुढे केला. "इथं सही कर. नेहमीचंच निवेदन आहे. संग्रह पूर्ण झाला आहे, यापुढे त्यात भर पडणार नाही."

पेन माझ्या हातात होतं. सही केली की मी एम.ए. होते. दादाचं तोंड बंद होत होतं. जन्मात पहिल्यांदा माझ्या हातून एक गोष्ट पुरी होत होती, आणि त्यासाठी फक्त नाव लिहायचं होतं. मी ट्रेकडे पाहिलं.

"मॅडम, भर पडतेय," मी म्हटलं.

"वडील गेले ना तुझे?"

"गेले. पण भर पडतेय."

हातमोज्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाकिटांकडे, मग आईकडे. आई कपातल्या चहाकडे पाहत होती. शेवटी मॅडमनी हातमोजे काढले, जे आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि कप उचलला.

"चालू संग्रह आम्हाला घेता येत नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या सत्रात दुसरा विषय घ्यावा लागेल. एक वर्ष जाईल तुझं."

"हो मॅडम."

दारात चपला घालताना त्या म्हणाल्या, "आमच्या दारामागे यांची एक छत्री अजून आहे. तिची नोंद मीही केलेली नाही." आणि जिना उतरून गेल्या.

संध्याकाळी दादाचा फोन आला. मी निकाल सांगितला. तो "परत?" म्हणाला आणि हसला, पण नेहमीपेक्षा कमी. आई शेजारीच भाजी निवडत होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे राहिलं का गं तुझं?"

"राहिलं."

"आणि टेबल?"

"तेही राहिलं."

तिनं निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

पुढची काळजी शास्त्रीय होती. रोज एक या हिशेबानं बाबांचे नकाशे वर्षभरातच संपले असते. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी आई वाणसामान आणायला गेली तेव्हा मी बाबांच्या ट्रेसिंगचा गठ्ठा कपाटात ठेवला आणि त्या जागी माझ्या प्रबंधाचा गठ्ठा ठेवला. आता तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता आणि कागद चांगल्यापैकी होता. जाता जाता त्यातलं वरचं पान, 'मूळ क्रम: संकल्पना आणि महत्त्व', मी चुरगळलं आणि टोपलीकडे फेकलं. नेम लागला नाही. घराण्याचा गुण आहे.

सकाळी दात घासताना मी कान देऊन होते. मागच्या खोलीतून आवाज आला: "किती पसारा करायचा माणसानं! एक दिवस तरी—" आणि आई थांबली. झाडूही थांबला. मी तोंडात फेस घेऊन तशीच उभी राहिले.

ती मोरीच्या दाराशी आली. तिच्या एका हातात प्रबंधाच्याच कागदाचा एक घट्ट गोळा होता, दुसऱ्या हातात माझा. माझा आपोआप उलगडत चालला होता.

"हा त्यांचा," ती घट्ट गोळा दाखवून म्हणाली. "आणि हा तुझा. ते असा सैल करायचे नाहीत." तिनं माझा गोळा माझ्या ओल्या हातात ठेवला. "चुरगळलास तोही अर्धवट. नीट कर आणि टाक परत. माझं झाडून व्हायचंय अजून."