पुस्तक झेंड्यापाशी संपायचं

शिट्टी वाजली, आणि ती आपणच वाजवली हे मारोतीला कळलं तेव्हा शेजारच्या खुर्चीतला हनीफ त्याच्याकडे बघत होता.

अंधारात डोळे दिसत नव्हते, पण वळलेली मान दिसत होती. दोन बोटं तोंडात घालून मारलेली ही शिट्टी हनीफनं झोपेतही ओळखली असती. मारोती एसटीत कंडक्टर होता, हनीफ ड्रायव्हर, आणि उभी नोकरी दोघांनी जोडीनं काढली होती. उदगीरच्या स्टँडात असो की चिखलाच्या वाटेवर, गाडी मागं घेताना हनीफ आरशापेक्षा या शिट्टीवर जास्त भरवसा ठेवायचा. आरसा खोटं बोलेल, मारोती न्हाई, असं चारचौघांत सांगायचा.

पडद्यावर एक गल्ली जळत होती. दाढी-टोपीवाला एक म्हातारा पळता पळता विहिरीच्या काठाशी अडखळला आणि आत गेला. थिएटर टाळ्यांनी दणाणलं. पुढच्या रांगेतली पोरं उभं राहून घोषणा देत होती. मारोतीनं बोटं पँटला पुसली.

सिनेमा निजामाच्या काळावरचा, रझाकारांवरचा. बघायचं मारोतीनंच काढलं होतं. लातूरला दोघं निवृत्त झाले तेव्हापासून शुक्रवार ठरलेला. हनीफची जुम्याची नमाज झाली की तीनचा खेळ, मग चहा, आणि चहावर सिनेमाचा पंचनामा. सिनेमा इतिहासाचा असला की मारोतीच्या अंगात यायचं. निजामाच्या शिपायांच्या पायात कोरे बूट कसे, त्या काळातल्या घरात प्लास्टिकची घागर कुठून आली, असं तो चहा गार होईपर्यंत चालवायचा. तू पिच्चर बघाय येतूस की तिकीट चेकिंगला, म्हणून हनीफ हसायचा.

हे वेड नोकरीतलंच. मुक्कामाची गाडी देवणीकडच्या खेड्यात जाऊन लागली की मारोती पिशवीतून पुस्तक काढायचा. हनीफला उर्दू वाचता यायची, मराठी नाही, म्हणून मोठ्यानं वाचायचा. मुक्तिसंग्रामावरचं मिळेल ते पुस्तक त्यानं असं त्याला ऐकवलं. त्याला कारण होतं. मारोतीच्या आज्याचा उजवा हात रझाकारांनी कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडला होता आणि तो पुन्हा कधी सरळ झाला नाही. आजा डाव्या हातानं जेवायचा, पाहुण्यांसमोर लाजायचा. मारोती पुस्तकांत तो हात शोधत होता. पुस्तकांत मोठ्या लोकांची नावं होती, सत्याग्रह होते, तुरुंग होते. गावकुसाबाहेरच्या म्हाताऱ्याचं कोण कशाला लिहील? आज पहिल्यांदा पडद्यावर तसाच एक हात मोडताना त्यानं पाहिला आणि छातीत जे पेटलं ते विझेना. शिट्टी तिथूनच आली होती. पण वाजली भलत्याच म्हाताऱ्यावर.

खेळ सुटला. बाहेर अजून ऊन होतं. दर शुक्रवारसारखा हनीफ हॉटेलकडे वळला नाही. तो थेट स्कूटीपाशी गेला आणि रुमालानं सीट पुसत राहिला. घाबरलेला माणूस जे करतो तेच मारोतीनं केलं, सवयीचं बोलायला लागला. सिनेमा चुकीचा काढलाय म्हणाला. आपल्याकडच्या जुन्या विहिरींना पायऱ्या असतात, यांनी नुसता काठ दाखवला.

"व्हत्या," हनीफ म्हणाला. "आमच्या गावच्या इहिरीला पायऱ्या व्हत्या."

हनीफचा रुमाल सीटवर तसाच फिरत होता.

"अब्बा तवा ल्हान व्हते. खालच्या पायरीवर गळ्याइतक्या पाण्यात बसून ऱ्हायले, म्हणून वाचले. माझ्या आज्याला, दादांना, वरच गाठलं लोकांनी. निजाम पडून तिरंगी झेंडा लागल्यावरची गोष्ट हाय ही."

"कधी बोलला न्हाईस, हनीफ."

"इचारत तर व्हतो. तू वाचायचास, पुस्तक झेंड्यापाशी यायचं. म्या म्हणायचो, पुढं काय झालं ते वाच. तू म्हणायचास, संपलं पुस्तक."

खरं होतं. दरवेळी त्यानं विचारलं होतं. हनीफला वाचनाची गोडी लागली, असं मारोती डेपोत कौतुकानं सांगत हिंडला होता. हा नेमकं पुढचंच का विचारतो, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. आता आलं, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

"तुझ्या आज्याचा हात म्या बघितलाय," हनीफ म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "त्या हातासाठी तू रडला असतास तर म्या बी रडलो असतो. तू शिट्टी वाजवलीस."

मारोतीनं हात जोडले. हनीफनं ते बघितले नाहीत, की बघून न बघितल्यासारखं केलं, कोण जाणे. त्यानं स्कूटी चालू केली.

दोघांची एक रीत होती. मागं बसलं की मारोती सीटवर दोनदा थाप मारायचा, टण टण, डबल बेल. त्याशिवाय हनीफ गाडी हलवत नसे. नातवंडं हसायची, रस्त्यावरचे बघायचे, पण म्हाताऱ्यांनी हट्ट सोडला नव्हता. आज मारोती बसला मात्र, त्याचा हात वर यायच्या आत स्कूटी निघाली.

मारोतीच्या गल्लीच्या तोंडाशी हनीफनं गाडी थांबवली. मारोती उतरला, पण घराकडे जाईना. समोरच्या पाठीकडे बघत उभा राहिला. मग घसा खाकरून म्हणाला,

"हनीफ, पुढचं सांग. म्या ऐकतो. एक अक्षर बोलणार न्हाई."

हनीफनं आरशात त्याच्याकडे पाहिलं.

"संपलं पुस्तक, मारोती," तो म्हणाला.

मारोतीचा हात सवयीनं सीटकडे गेला, तोवर स्कूटी वळणापार निघून गेली होती.